उंबरठ्याशी अडलेला कायदा

घरातील वृद्ध व्यक्ती पडली, की 'वय झाले, चालायचेच' असे म्हणून आपण मोकळे होतो. मल्टिपल स्क्लेरोसिसने ग्रस्त वृद्धांच्या बाबतीत हा निर्विकारपणा घातक ठरतो. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. परिणामी तोल जातो, पाऊल फरपटते, दृष्टी अंधुक होते. विकार जडतो तो बहुधा ऐन तारुण्यात. पण आज त्याचे अनेक रुग्ण साठी-सत्तरी गाठतात आणि विकाराच्या दुर्बलतेत वार्धक्याची भर पडते.

विविध देशांतील पाहण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की निम्म्याहून अधिक रुग्ण तीन महिन्यांच्या अवधीत एकदा तरी पडतात. यांतील पुष्कळसे प्रसंग घरातच घडतात. रात्री लघवीची घाई होते, न्हाणीघराची फरशी ओली असते, हाताला आधार नसतो. स्टेरॉइड औषधांनी आणि हालचालीच्या अभावाने हाडे आधीच ठिसूळ झालेली. एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते. न मोडले तरी मनात भीती बसते. भीतीमुळे चालणे थांबते, स्नायू क्षीण होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. हे दुष्टचक्र भेदता येते. तोल सावरण्याचे व्यायाम, योग्य काठी, न्हाणीघरात पक्की दांडी आणि रात्रीचा दिवा हे उपाय शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ आहेत.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत या विकाराचा समावेश केला, हे स्वागतार्हच होते. परंतु अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. सकाळी बरा चालणारा रुग्ण दुपारच्या उन्हाने गळून जातो. त्याच्या दिवसाचे हे चढउतार एका बैठकीतील तपासणीत कसे उमटावेत? दाखला मिळाला तरी त्याने न्हाणीघरात दांडी बसत नाही.

म्हणून शासनाने दाखल्यापाशी थांबू नये. सरकारी रुग्णालयांनी भौतिकोपचारतज्ज्ञास रुग्णाच्या घरी पाठवून तेथील धोके दाखवून द्यावेत आणि घरातील आवश्यक फेरबदलांसाठी अर्थसाहाय्य मिळावे. डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत 'मध्यंतरी पडलात का?' एवढे तरी विचारावे. आपण भार होऊ, या संकोचाने वृद्ध हे आपणहून सांगत नाहीत. त्यांचे हे मौन म्हणजे सारे कुशल असल्याची ग्वाही नव्हे.