जुन्या लाकडाचा उतारा



आजरा हा पावसाचा तालुका. भात, काजू आणि जंगल. आपल्या कापूस-ज्वारीच्या रानाशी त्याचं काही जुळत नाही. पण तिथं जुनी कौलारू घरं उतरवून स्लॅबची बांधतात, आपल्याकडे माळवदं उतरतात. अंगणात ढीग पडतो तो सारखाच : तुळया, खांब, वासे, रिपा, चौकटी. व्यापारी येतो, ढिगाभोवती एक फेरी मारतो आणि उक्ती रक्कम सांगतो. ती घ्यावी, की स्वतः खिळे उपसून, माल निवडून घनफुटानं विकावा?

जिनवाला कापसाचा उतारा पाहतो. क्विंटलमागं रुई ३३-३४ किलो. लाकडालाही उतारा आहे. १० फूट लांब, ८ बाय ६ इंची तुळई घ्या. माप ३.३३ घनफूट. भिंतीत कुजलेली टोकं फूट-फूट कापली, चारी अंगांनी अर्धा-अर्धा इंच रंधला, की उरतं १.९४ घनफूट. म्हणजे शेकडा ५८. आत तुटलेला एक खिळा राहिला तर करवतीचे दात जातात, आणि मिलवाला ते आपल्या नावावर मांडतो.

आता मजुरी. शेतमालाच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरा म्हणून आपण सरकारशी भांडतो, आणि आपल्याच अंगणात ती विसरतो. दोन माणसं आठ दिवस खिळे काढत बसली तर ते सोळा रोज आधी वजा करा, मग नफा बोला.

आमचं मत स्पष्ट आहे. सागाच्या, शिसवीच्या तुळया, खांब आणि कोरीव चौकटी वेगळ्या काढा. मुंबईत ओशिवऱ्याच्या बाजारात जुन्या सामानाला गिऱ्हाईक आहे, ते व्यापाऱ्याला ठाऊक असतं. टोच्या मारून पाहा. आजऱ्याकडे वळचणीची टोकं आधी कुजतात, आपल्याकडे वाळवी खांबाचं बूड खाते. गाभा शाबूत असेल तरच मेहनत करा. बाभळी-लिंबाचे वासे आणि रिपा गोठ्याला, नाहीतर ढिगानं द्या. लाकूड जुनं म्हणून कमजोर नसतं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात भिंती ढासळल्या, पण कित्येक घरांचे लाकडी खण उभेच होते.

आणखी एक मेख आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात घडवलेलं, कापलेलं लाकूडही 'इमारती लाकूड'च आहे, मग ते जंगलातून आलेलं असो वा नसो. खटल्यात मालकीचा वाद निघाला तर माल सरकारचा धरला जातो, आणि तसं नाही हे आपण सिद्ध करायचं! आजोबांनी घातलेली तुळई, आणि पुरावा नातवानं द्यायचा. म्हणून घर उतरवण्याआधी फोटो काढा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घ्या, आणि माल हलवण्यापूर्वी पास लागतो का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा.

व्यापारी बहुधा मृगाच्या तोंडावर येतो. तेव्हा बियाण्याला पैसा हवा असतो आणि ढीग भिजायला आलेला असतो. लाकूड दगडांवर, मध्ये फटी ठेवून रचलं आणि वर पत्रे टाकले, तर दिवाळीपर्यंत थांबता येतं.