जागा वाचवू नका, डिस्क वाचवा!

मंडळी, जुन्या कॉम्प्युटरवर जागा मोकळी करण्याचा एक ठरलेला उपदेश असतो. नको ते फॉन्ट काढा, जुन्या फाइल्स झिप करा, नाहीतर सरळ डबलस्पेस चालवा. हौस म्हणून घेतलेल्या मशीनवर खुशाल करा हो. पण सोलापूरच्या एखाद्या डीटीपीवाल्याचं पंचवीस वर्षांपूर्वीचं मशीन समोर असेल, तर कृपा करून हात आवरा!

काटकसर तेव्हा गरजेची होती, हे मान्य. १९८३ च्या आयबीएम एक्सटीला १० एमबीची डिस्क होती. फॅट१६ मध्ये १ ते २ जीबीच्या पार्टिशनला ३२ केबीचा क्लस्टर, म्हणजे २ केबीचं पत्रसुद्धा ३२ केबी अडवून बसायचं. अशी हजार पत्रं झाली की मजकूर २ एमबी आणि जागा गेली ३१ एमबी! लोक वैतागणार नाहीत तर काय?

पण आज ४ जीबीची अख्खी डिस्क ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सहज सात वेळा बसते. मग वाचवताय काय?

आणि घालवताय काय, ते बघा. त्या काळातली मराठी म्हणजे युनिकोड नव्हे, आठ बिटांचे फॉन्ट. २५६ खाने, आणि कुठल्या खान्यात कुठला तुकडा बसवायचा ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. पेजमेकरची .पीएम५ फाइल राहिली आणि फॉन्ट उडाला की पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. कन्व्हर्टर आहेत, पण कुठला फॉन्ट होता ते आधी कळायला हवं ना. त्यात आपलं सोलापूर! मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळी कामं एकाच गावात. म्हणजे घोळ चौपट.

डबलस्पेसची तर वेगळीच गंमत. १९९३ च्या एमएस-डॉस ६ बरोबर ते आलं. वापरणाऱ्याला सी ड्राइव्ह नेहमीसारखा दिसतो, पण खरा माल डीबीएलस्पेस.००० नावाच्या एकाच लपवलेल्या फाइलीत असतो. "ही एवढी मोठी फाइल कसली?" म्हणून कुणी ती उडवली, की संपलं. अख्खा ड्राइव्ह गेला.

लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या. त्या वर्षांतली पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका यांतलं बरंच काही अशाच मशीनवर जुळवलेलं. छापलेला कागद वाळवीने खाल्ला असेल, तर उरली ती एवढी डिस्क. आणि ती आपण "साफ" करणार?

तेव्हा मशीन चालू करून बघण्याच्या आधी डिस्क बाहेर काढा. आयडीई ते यूएसबी अडॅप्टर लावा आणि लिनक्सवर डीडी कमांडने पूर्ण इमेज घ्या, फॉन्टसकट, टेम्प फाइल्ससकट. इमेज ठेवायचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला हवा, फॅट३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही. इमेज दोन ठिकाणी ठेवा. मग मूळ डिस्कवर काय हवी ती काटकसर करा, माझं काही म्हणणं नाही :)

थोडक्यात काय, नको काय आणि हवं काय हे आज ठरवायची घाईच नाही. भंगारवाला मात्र रोज दारावरून जातो. बघा पटतंय का.