मिरचीचा ठसका की गाजर गवताची ॲलर्जी? फरक असा ओळखा

नंदुरबारच्या बाजारात ऑक्टोबरपासून लाल मिरची येऊ लागते. तेव्हा बांधांवर आणि रस्त्याकडेला गाजर गवतही फुललेलं असतं. त्यामुळे शिंका आल्या की दोष मिरचीला दिला जातो आणि ॲलर्जीवरचे उपचार लांबतात.

फरक काय?

मिरचीचा ठसका कुणालाही लागतो आणि तिथून दूर गेलं की थांबतो. ॲलर्जी काहींनाच होते आणि घरी आल्यावरही नाक वाहतं, डोळे खाजतात. पापण्या, मान, कोपराच्या घडीत खाजरं पुरळ उठलं, तर संशय बळावतो.

हे गवत आलं कुठून?

मूळचं अमेरिका खंडातलं हे गवत १९५५च्या सुमारास पुण्यात आढळलं आणि देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन हे रसायन त्वचेला बाधतं, तर परागकण नाकाला.

काय करायचं?

गवत फुलण्याआधीच, हातमोजे आणि मास्क घालून मुळासकट उपटा. ॲलर्जी असलेल्यांनी मात्र हे काम करू नये. शेतातून आल्यावर आंघोळ करा, कपडे बदला. पुरळ असल्यास त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून कारण शोधतात. धाप लागली किंवा छातीत घरघर झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा.