जीवनसत्त्वे तक्त्यातून नको, ताटातून शिकवू या



जीवनसत्त्वे हा घटक आपण कसा शिकवतो? फळ्यावर तक्ता काढतो. 'अ'च्या अभावी रातांधळेपणा, 'क'च्या अभावी स्कर्व्ही, 'ड'च्या अभावी मुडदूस. मुलं पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितात. आणि दुपारी पोषण आहाराच्या ताटातले काही दाणे वेचून बाजूला ठेवतात. का, तर म्हणे "हा प्लास्टिकचा तांदूळ आहे!" तक्ता पाठ झाला, पण ताटातलं जीवनसत्त्व ओळखता आलं नाही.

ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड (ब-9) आणि ब-12 मिसळून यंत्रात त्याला दाण्याचा आकार देतात. साधारण शंभर दाण्यांत असा एक दाणा असतो. रंग जरा वेगळा, काही दाणे पाण्यावर तरंगतात, म्हणून संशय येतो. यालाच फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. (घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर लोहाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.)

आता वर्गीकरण. एकूण जीवनसत्त्वे 13. अ, ड, ई, के ही चार मेदात विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. म्हणूनच लहान मुलांना 'अ'चा डोस सहा महिन्यांनी दिला तरी चालतो. ब गटातली आठ आणि क ही पाण्यात विरघळतात. जास्तीची लघवीवाटे निघून जातात, म्हणून ती रोजच्या जेवणातून मिळायला हवीत. ब-12 तेवढं अपवाद, ते यकृतात साठतं.

हा फरक आपल्या गोंदियाच्या मुलांना सांगायला भातासारखं दुसरं उदाहरण नाही. आपला जिल्हा धानाचा. मिलमध्ये तांदूळ पांढराशुभ्र होतो तेव्हा कोंड्यासोबत ब-1 निघून जातं. उरलेलं आपण तांदूळ चार-चार वेळा धुऊन आणि पेज ओतून घालवतो. जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरांना दिसलं होतं की पॉलिशच्या तांदळावर कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या सुधारतात. या कामासाठी त्यांना 1929 साली नोबेल मिळालं.

आणखी एक गैरसमज काढायला हवा. 'व्हिटॅमिनने ताकद येते' असं आपण सर्रास बोलतो. जीवनसत्त्व स्वतः ऊर्जा देत नाही. ऊर्जा भातातून मिळते, पण ती मोकळी करायला ब-1 लागतं. लाकडं आहेत पण काडीपेटी नाही, तर चूल पेटणार कशी?

मात्र फोर्टिफाइड तांदूळ आला म्हणून भाजीची गरज संपली, असंही नाही. त्या दाण्यात अ आणि क नाही. ते मुनग्याच्या पाल्यात, आवळ्यात, जांबात आहे, आणि हे सगळं आपल्या परसात, बांधावर मिळतं. मग महागड्या डब्यांच्या मागे का धावायचं?

माझी विनंती एवढीच. शिक्षकांनी हा पाठ एकदा पोषण आहाराच्या पंगतीत घ्यावा. पालकांनी तांदूळ कमी वेळा धुवावा, बेताच्या पाण्यात शिजवावा, पेज निघालीच तर वरणात घालावी. आणि मूल दाणा वेचू लागलं तर रागावू नका. तो दाणा काय आहे, ते त्याला सांगा.