पहिला झटका सांभाळा, बॅटरी वाचवा



अकलोली म्हटले की तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे आठवतात. पण या परिसरात शेतीही आहे आणि फवारणीच्या मजुरीवर जाणारी माणसेही आहेत. हाताने दांडा मारायचा पंप मागे पडून आता पाठीवर बॅटरीचा पंप आला आहे. खांद्याचे कष्ट कमी झाले, पण एक नवी डोकेदुखी आली. रात्रभर चार्जिंग करून चार्जरचा दिवा हिरवा होतो. सकाळी बटण दाबले की मोटार जरा घुरघुरते आणि बसते. थोडे थांबून पुन्हा दाबले की चालते, परत बसते. मग घरात एकच निकाल लागतो, "बॅटरी गेली." नव्या बॅटरीला मजुरीचे पैसे जातात आणि काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. असे का होते, ते आज समजून घेऊ.

पिठाच्या गिरणीची मोटार चालू करताना शेजारचा दिवा क्षणभर मंद होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणतीही मोटार थांबलेली असताना सुरू करायला तिला जास्त करंट लागतो. मोटार फिरू लागली की ती स्वतःच थोडी वीज उलट दिशेने तयार करते आणि त्यामुळे आत येणारा करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटारीत हा उलटा दाब नसतो. तिथे करंट अडवायला फक्त तांब्याच्या वेटोळ्याचा रोध असतो आणि तो फार थोडा असतो.

शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे उपयोगी पडतो. घरातल्या मुलामुलींना हा हिशेब करायला सांगा. बॅटरी १२ व्होल्टची आणि मोटारीचा रोध ०.६ ओहम धरला, तर १२ भागिले ०.६ म्हणजे सुरुवातीचा करंट २० अँपिअर. हीच मोटार फिरू लागल्यावर समजा अडीच अँपिअर घेते. म्हणजे पहिला झटका आठपट झाला!

आता बॅटरी जुनी होऊन तिचा आतला रोध ०.१५ ओहम झाला आहे असे समजा. एकूण रोध ०.७५ झाला, करंट १६ अँपिअर आला. त्यातले २.४ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच खर्च झाले आणि बाहेर उरले ९.६ व्होल्ट. अनेक पंपांत व्होल्टेज फार उतरले की वीज तोडणारी छोटी पट्टी बसवलेली असते. तिला वाटते बॅटरी रिकामी झाली. ती पुरवठा तोडते, व्होल्टेज पुन्हा चढते, आणि आपण कोड्यात पडतो. बॅटरीत वीज असते, फक्त पहिला झटका तिला झेपत नाही.

हा प्रश्न काही नवा नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर धावली. जुन्या डीसी लोकलमध्ये मोटारमन हँडल फिरवी, तेव्हा मोटारींना आधी मोठ्या रोधकांतून वीज मिळे. गाडीने वेग घेतला की ते रोधक टप्प्याटप्प्याने बाजूला होत. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरची डीसी वीज २०१६ साली संपली, पण तत्त्व तेच आहे : मोटारीला सुरुवातीला थोडी वीज द्या, वेग आला की पुरी द्या.

आपल्या पंपावर हे कसे करायचे? वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर असेल, तर तो आधी कमीवर ठेवा, मग बटण दाबा आणि मोटार फिरू लागली की हळूहळू वाढवा. चांगला रेग्युलेटर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज कमी ठेवतो. मात्र तो इतकाही कमी ठेवू नका की मोटार जागची हलणारच नाही.

दुसरे म्हणजे, सुरू करताना नळीचा चाप दाबून तोंड मोकळे ठेवा, म्हणजे मोटारीवर भार कमी येतो. चाप सोडला की दाब वाढून बहुतेक पंप आपोआप थांबतात आणि चाप दाबला की पुन्हा सुरू होतात. म्हणून उगाच चाप दाबत-सोडत राहू नका. प्रत्येक वेळी तो झटका नव्याने बसतो. नोझल व गाळणी साफ ठेवा.

रेग्युलेटर नसेल तर जाणकार मेकॅनिककडून थर्मिस्टर बसवून घेता येतो. तो थंड असताना करंट अडवतो, तापला की वाट मोकळी करतो. पण तापलेला असताना लगेच पुन्हा सुरू केले तर तो अडवत नाही, थोडा निवू द्यावा लागतो.

बॅटरी बदलण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासा. आधी पंप धुऊन साध्या पाण्याने भरा, हातही साबणाने धुवा. पंप चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, मग मोटारीच्या टोकांवर मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला, तर दोष वायर, स्विच किंवा गंजलेल्या जोडणीत आहे. चालताना अर्धा व्होल्ट खाणारी ती वाट सुरुवातीच्या झटक्यात तीन व्होल्टसुद्धा खाऊ शकते! जोडणी घासून घट्ट करा, जाड आणि आखूड वायर घाला. बॅटरीच्याच टोकांवर व्होल्टेज भराभर उतरत असेल, तर मात्र बॅटरी थकली आहे असे समजा.

एक चूक मात्र कधीच करू नका. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नका. अडकलेली मोटार आठपट करंट घेते, तेव्हा वेटोळ्यात आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्टपट उष्णता तयार होते. ती वस्तू आपल्या पाठीवर बांधलेली असते, हे विसरू नका. मोटार फिरली नाही तर लगेच बटण बंद करा.

मीटर साधा असतो, चार घरे मिळूनही घेता येतो. घरातल्या मुलीला किंवा मुलाला तो वापरायला शिकवा. दुकानदार म्हणेल ते ऐकण्यापूर्वी स्वतः आकडा पाहा. आधी व्होल्ट मोजा, मग पैसे मोजा!