आधी चिंधी, मग पाना



उसाच्या पत्रिकेत इंजिनाचा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. पण आपला सुपा परिसर पर्जन्यछायेतला. इथला ऊस मुख्यतः विहिरीच्या पाण्यावर उभा असतो. चैत्र-वैशाखात आठ-दहा दिवसांची पाळी चुकली की पेरे जवळ येतात आणि कांडी आखूड पडते, हे आपणांस आम्ही सांगायला नको. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल एप्रिल २०२४ पासून माफ झाले खरे, पण वीज कधी येणार हे काही आपल्या हातात आले नाही. म्हणून मोटर असूनही पुष्कळांनी जुने डिझेल इंजिन जपून ठेवले आहे. ऊस ओढणारा ट्रॅक्टरही कित्येकांचा जुनाच आहे. ही यंत्रे गळतात, आणि गळतीकडे पाहण्याची आपली रीत चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही रीत दोन प्रकारची. पहिला गडी म्हणतो, "काय व्हतंय त्याला, जरा ऑईल पितंय." तो रोज वरून ओतत राहतो. दुसरा घाबरून मिस्त्रीला बोलावतो, मिस्त्री लांबूनच म्हणतो "खोलावं लागंल", आणि ऐन पाळीच्या वेळी इंजिनाचे तुकडे गोणपाटावर पसरतात. दोघांची तऱ्हा वेगळी, पण चूक एकच. काय गळते आणि कुठून गळते, हे कुणीच पाहिलेले नसते.

थेंबाचा हिशेब एकदा करून पाहा. मिलिलिटरला साधारण वीस थेंब धरले आणि सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर आठ तासांत जवळजवळ दीड लिटर तेल जाते. थेंबे थेंबे तळे साचते तसे थेंबे थेंबे ते आटतेही. शिवाय हे डिझेल जिथे पडते तिथे आपलीच विहीर असते, आणि वस्तीवर प्यायचे पाणी बहुधा त्याच विहिरीचे.

खरे तर ही जुनी इंजिने शेतकऱ्याच्या अकलेबाहेरची नव्हेत. खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली. साताऱ्याच्या कूपरची आणि राजकोटकडची मिनिटाला ६५० फेऱ्यांची लिस्टर धर्तीची इंजिनेही आपल्याकडे आली. कित्येकांनी ती भूविकास बँकेच्या कर्जावर घेतली. त्या बँका बंद पडल्या, इंजिने मात्र अजून धडधडतात, कारण त्यांत लपवाछपवी नाही. एक टाकी, एक पंप, एक नोझल आणि खाली चेंबर. सगळे उघड्यावर. पाहणारा हवा.

पाहायचे कसे, ते सांगतो. इंजिन थंड असताना रॉकेल किंवा डिझेल लावून ब्रशने घासा आणि चिंधीने कोरडे करा. वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल अंगावर असताना गळती शोधणे म्हणजे पावसात घाम शोधणे. मग संशयाच्या जागी खडूची पूड भुरभुरवा, खाली पुठ्ठा टाका आणि पंधरा मिनिटे इंजिन चालवा. विहिरीत उतरवलेले असेल तर ही तपासणी वर काढून मोकळ्या जागीच करा. विहिरीत धूर कोंडून माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. पूड जिथे आधी काळी होईल ती जागा धरा. तेल नेहमी खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे जाते. म्हणून थेंब पडतो ती जागा सोडा आणि सर्वांत वरची ओली जागा शोधा. चेंबरचे पॅकिंग गेले म्हणून खोलायला निघालेल्या कितीतरी इंजिनांत तेल वरच्या टॅपेट कव्हरमधून येत असते.

मग काय गळते ते ओळखा. डिझेल बोटांत पातळ लागते, वास लपत नाही, पाण्यावर रंग पसरतो. इंजिनचे ऑईल काळे आणि चिकट. ट्रॅक्टरच्या गिअरचे ऑईल त्याहून दाट, आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प. पाणी वाळले की पांढरी खपली ठेवते. ट्रॅक्टरच्या पाण्याच्या पंपाखाली एक बारीक छिद्र असते. तिथून पाणी ठिबकले तर पंपाचे सील गेले असे समजावे. ते छिद्र एम-सीलने बुजवू नका. आत पाणी साचून बेअरिंग जाईल.

केव्हा गळते, तेही पाहा. इंजिन बंद असताना डिझेल ठिबकत असेल तर टाकीचा कॉक, फिल्टर आणि सप्लाय पाईपचे जोड तपासा. चालू असतानाच गळत असेल तर पंप, नोझल आणि रिटर्न पाईप. बहुतेक वेळा दुखणे तांब्याच्या एका वायसरात असते. तो वायसर लालभडक तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो आणि पुन्हा बसतो. नुसता पाना मारत राहाल तर आटे मरतील आणि दहा रुपयांचे काम हजारावर जाईल.

फीड पंप असलेल्या ट्रॅक्टरांत आणखी एक फसवी गळती असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत बारीक फट पडली तर तिथून थेंब पडतच नाही. उलट हवा आत ओढली जाते. सकाळी ट्रॅक्टर लवकर चालू होत नाही, चालता चालता गप्प होतो, आणि आपण बॅटरीला दोष देतो. रिटर्न लाईनला पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहा. बुडबुडे दिसले तर चोर सापडला.

सर्वांत घातक गळती जमिनीवर दिसतच नाही. चेंबरची पट्टी रोज पाहणारा सभासद आम्हांला मोठा शहाणा वाटतो. पट्टीवर ऑईल कमी झाले तर सगळ्यांना काळजी वाटते, वाढले तर मात्र कुणी दचकत नाही. ऑईल आपोआप कधी वाढत नाही. वास डिझेलचा असेल तर पंपातून डिझेल आत उतरते आहे. रंग ताकासारखा असेल तर पाणी शिरले आहे, बहुधा हेड पॅकिंगमधून. झाकणाखाली हिवाळ्यात थोडी साय दिसली तर घाबरू नका. पट्टीवरच ताक दिसले तर मात्र इंजिन चालवू नका. खात्री हवी असेल तर रात्रभर थांबा आणि सकाळी चेंबरचा बोल्ट हलकेच सैल करा. पाणी ऑईलपेक्षा जड, म्हणून आधी तेच बाहेर येईल.

सील बदलूनही पुन्हा गळते, ही तक्रार गटात नेहमी कानावर येते. अशा वेळी ब्रीदर काढून पाहा. तो तुंबला की चेंबरमध्ये दाब कोंडतो आणि ऑईल सापडेल त्या वाटेने बाहेर पडते. नवे सील घातले तरी तेही हरते. ब्रीदर साफ असूनही त्यातून धूर फुसफुसत असेल तर रिंगा झिजल्या आहेत, आणि मग मिस्त्रीचे "खोलावं लागंल" खरे मानावे. सीलच्या जागी शाफ्टला चरा पडला असेल तरी तेच.

एक कळकळीची सूचना. नोझलच्या पाईपची गळती चालू इंजिनात हाताने चाचपू नका. तिथे चौरस सेंटीमीटरला दीडशे-दोनशे किलोचा दाब असतो. त्या फवाऱ्याने डिझेल कातडीत घुसते. दिसते टाचणी टोचल्यासारखे, पण बोट किंवा हातही गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहा. डिझेल शिरलेच तर दुखण्याची वाट न पाहता ताबडतोब दवाखाना गाठा.

काही सभासद म्हणतील, एवढी उठाठेव कशाला, भंगारात घाला. आमचा त्याला सरसकट विरोध नाही. जोडाजवळ नुसता ओलावा असेल तर तो जुन्या इंजिनाचा घाम समजून सोडून द्यावा. रिंगा, लायनर आणि शाफ्ट तिन्ही गेले असतील तर त्यात पैसे घालू नयेत. पण हा निकाल तपासणीनंतर लागावा, अंदाजाने नव्हे. एका वायसरपायी चांगले इंजिन भंगारवाल्याच्या टेम्पोत चढावे, हे आम्हांला पटत नाही.

म्हणून आमचे दोन आग्रह आहेत. पाळ्यांची निकड सुरू होण्याआधी, माघातच, प्रत्येकाने इंजिन धुऊन ही तपासणी उरकावी. ट्रॅक्टरची तपासणी गाळप सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास करावी. आणि मिस्त्री आला की पाना लावण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारावा, "गळती कुठनं हाय ते आधी दाखव." जो दाखवील त्याच्या हातात इंजिन द्यावे. गटाच्या बैठकीत बेणे आणि खतांच्या बरोबर हा विषयही निघाला पाहिजे. उसाच्या मुळाला पाणी पोचवणाऱ्या यंत्राची काळजी हीसुद्धा ऊस विकासाचीच गोष्ट आहे, असे आम्ही मानतो.