सतरा शेकेलचं शेत

ऑनसाइटला होतो तेव्हा शेजारच्या क्युबिकलमधल्या बाईंकडे एक कॉफीमग होता. त्यावर फुलं, एक फुलपाखरू आणि बायबलमधलं एक वचन. देवाने तुमच्यासाठी भलंच योजलंय, पुढे आशा आहे, अशा काहीशा अर्थाचं. खाली बारीक अक्षरात संदर्भ: यिर्मया, अध्याय २९, वचन ११. सोमवारी सकाळी बिल्ड फुटलेला असताना ते वाचून जरा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू!

मी ख्रिश्चन नाही, ज्यूही नाही. पण संदर्भ दिला असेल तर उघडून बघायचा, ही डीबगिंगने लावलेली खोड. एका शनिवारी तो अध्याय वाचायला घेतला आणि पुढच्या काही वीकेंडांत यिर्मयाचं ५२ अध्यायांचं अख्खं पुस्तक वाचून काढलं. तेव्हा कळलं की कॉफीमग छापणाऱ्याने बरोब्बर एक ओळ अलीकडे कात्री चालवली होती. दहाव्या वचनात लिहिलंय की हे सगळं होईल, पण सत्तर वर्षांनी.

जरा मागची गोष्ट सांगतो. यहूदा हे एक चिमुकलं राज्य, राजधानी यरुशलेम. एका अंगाला इजिप्त, दुसऱ्या अंगाला बाबेल, आणि हे मध्ये सापडलेलं. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरने यरुशलेम घेतलं. तरुण राजा यहोयाखीन, दरबारी, कारागीर, लोहार अशी कामाची माणसं उचलून बाबेलला नेली आणि गादीवर सिद्कीयाला बसवलं. यरुशलेममध्ये मागे राहिलेल्या यिर्मयाने त्या नेलेल्या लोकांना पत्र पाठवलं. अध्याय २९ म्हणजे ते पत्र. त्यात तो सांगतो की तिथे घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावून द्या, आणि ज्या शहराने तुम्हाला पकडून नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थनासुद्धा करा. लवकर परतायचं स्वप्न बघू नका.

म्हणजे बघा, पत्र वाचणारा तिशीतला माणूस असेल तर ‘तू परत जाणार नाहीस, तुझी नातवंडं कदाचित जातील’ असा त्याचा सरळ अर्थ. आता हे कॉफीमगवर कोण छापणार?

आणि लोक खरंच तिथे वसले. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या आहेत, त्यात यहोयाखीन राजाला आणि त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. दुसऱ्या काही पाट्या ‘यहूदानगर’ अशा अर्थाचं नाव असलेल्या तिथल्या वस्तीतल्या आहेत. त्यात जमिनी, कर्जं, कर, सगळा रोजचा संसार दिसतो.

पण त्या काळातला पॉप्युलर माणूस यिर्मया नव्हता. पॉप्युलर होता हनन्या. हाही संदेष्टाच. साधारण इ.स.पू. ५९४ ची गोष्ट. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. बाबेलपुढे मान तुकवा, निदान जीव तरी वाचतील, हा त्याचा मुद्दा. हनन्याने मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर केलं की दोन वर्षांत मंदिराची भांडी परत येतील, राजा येईल, नेलेली सगळी माणसं येतील.

यावर यिर्मया काय म्हणाला असेल? ‘आमेन’ म्हणाला! देव करो आणि तुझंच खरं ठरो, असं म्हणाला. मग हनन्याने त्याच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकलं, तेव्हाही तो मुकाट्याने निघून गेला. लोखंडी जू येतंय हे त्याने नंतर सांगितलं. मला ही जागा फार आवडते. वाईट बातमी सांगणाऱ्याला त्या बातमीत मजा येते असं आपण धरून चालतो. याला येत नव्हती. जन्मलो तो दिवस जळो, इथपर्यंत वैतागलेला माणूस होता तो.

आता माझं सांगतो. इथपर्यंत शहाणपणा केला, तेव्हा हेही लिहायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये एक ज्युनिअर होता. त्याच्या हातात दुसरीकडची ऑफर होती. चहाच्या टपरीवर त्याने विचारलं, ‘प्रोजेक्टचं काय वाटतं? थांबू का?’ क्लायंट कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही अशी कुणकुण मला लागली होती. तरी दर शुक्रवारी स्टेटस रिपोर्टमध्ये मी हिरवा रंग भरत होतो. मी म्हटलं, ‘काही होत नाही रे, थांब. सगळं सुरळीत होईल.’ खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो. त्याचा पडलेला चेहरा बघवत नव्हता, आणि मलाही ते ऐकायचं होतं. त्याने ऑफर सोडली. तीन महिन्यांनी प्रोजेक्ट बंद, तो बेंचवर, आणि पुढे त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. घरी नुकतंच होमलोन सुरू झालेलं.

त्यामुळे हनन्याबद्दल वाचताना मला व्हिलन दिसत नाही, मी दिसतो. हनन्यानेही आशाच दिली होती. आणि माणसं तिच्यावर विसंबून निर्णय घेतात, ही खरी भानगड.

यिर्मयाच्या पुस्तकात न्यायनिवाडा आणि आशा हे दोन वेगळे विभाग आहेत, आपण आपल्याला झेपेल तो वाचावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझं मत उलटं आहे. निवाडा गाळून जी उरते ती आशा नसतेच, ते गुंगीचं औषध असतं.

एक शंका मात्र रास्त आहे. शहर उद्ध्वस्त झालं ते पापाची शिक्षा म्हणून, हे आज ऐकायला कसंतरी वाटतं. वेढ्यात उपाशी मेलेल्या पोरांचं कसलं पाप? मलाही ते पटत नाही, आणि यिर्मया आवडतो म्हणून मी ते पटवूनही घेणार नाही. पण त्याचा निवाडा कुणावर आहे ते तर बघू. यहोयाकीम राजाने मोठा वाडा बांधला आणि मजुरांची मजुरी बुडवली. यिर्मयाने ते त्याचं नाव घेऊन सुनावलं. पुढे बाबेलच्या वेढ्यात सिद्कीयाच्या काळात श्रीमंतांनी करार करून आपले हिब्रू गुलाम मुक्त केले. मग इजिप्तची फौज निघाली म्हणून वेढा थोडे दिवस उठला, तशी यांनी तीच माणसं परत धरून गुलाम केली! संकट टळलं असं वाटताच शब्द फिरवला. यिर्मयाचा राग हा असा आहे, पगाराच्या आणि कराराच्या पातळीवरचा. आणि तो बहुतेक वेळा वर, सत्तेकडे रोखलेला असतो.

आता शेताची गोष्ट. वेढा परत पडला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, कारण शहर पडणार हे तो बोलायचा थांबत नव्हता. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल आला. म्हणाला, अनाथोथचं माझं शेत विकत घे, पहिला हक्क तुझा. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, यरुशलेमपासून जेमतेम पाच किलोमीटर. आणि बाबेलची फौज तर शहराच्या तटाशी येऊन भिडलेली. सात-बारावर नाव लागलं काय नि न लागलं काय!

यिर्मयाने ते घेतलं. सतरा शेकेल चांदी, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर, तराजूत तोलून दिली. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी. त्या लेखनिक बारूखच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, खूप काळ टिकाव्यात म्हणून. या देशात परत घरं, शेतं, द्राक्षमळे यांची खरेदी-विक्री होईल, म्हणाला. आणि हे सगळं झाल्यावर प्रार्थनेत देवालाच विचारतो की शहर तर चाललंय हातचं, आणि तू मला शेत काय घ्यायला लावतोस? पैसे आधी मोजले, शंका नंतर काढली.

शहर पडणार असं सांगणारा आणि शेत घेणारा माणूस एकच. शहर पडणार नाही म्हणणाऱ्यांपैकी कुणी शेत घेतल्याचं पुस्तकात नाही.

इ.स.पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं. पुढे उरलेल्या घाबरलेल्या लोकांनी यिर्मयाला स्वतःबरोबर इजिप्तला नेलं. ते शेत त्याने परत पाहिल्याचं पुस्तक सांगत नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेशने बाबेल घेतलं आणि त्यानंतर काही जण यहूदात परतले. त्यात यिर्मयाचं पत्र ज्यांच्या हाती पडलं ते कितीसे असणार? त्यांची पोरं-नातवंडंच जास्त.

असो. पुस्तक संपवल्यावर मी त्या ज्युनिअरला फोन केला. म्हटलं, ‘तेव्हा मला कुणकुण होती, तुला सांगितलं नाही.’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तेव्हाच सांगायचं ना.’ बरोबर होतं त्याचं. ‘होईल सगळं नीट’ तोंडावर आलं होतं, ते गिळलं. त्याला म्हटलं की मार्केट वाईट आहे, चार-सहा महिने लागतील असं धर, आणि रविवारी ये, इंटरव्ह्यूची तयारी करू.

नंतर सलग सात रविवार तो येत होता. नोकरी लागायला आठ महिने लागले. माझा अंदाज दोन महिन्यांनी चुकलाच, पण या वेळी रंग हिरवा नव्हता.